पिल्लू उचलून लाटेत सोडू नका

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला कोकणातल्या वेळासच्या कासवांवरचा लेख वाचला. सोलापूरच्या वाचकांसाठी समुद्री कासवाला अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आभार. पण ‘पिल्लू अलगद हातात घेऊन थेट लाटेत सोडावे’ हा सल्ला कुणाला विचारून छापलात?

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचे पिल्लू घरट्यातून निघाले की वाळूवरून स्वतःच्या बळावर समुद्र गाठते. हॅचरीतली, म्हणजे अंडी आणून राखतात त्या जागेतली माणसे म्हणूनच टोपली पाण्यात रिकामी करत नाहीत, काही फूट अलीकडे वाळूवर करतात. या चालण्यात किनाऱ्याची ओळख त्याच्यात ठसते, असे अभ्यासक मानतात. पुढे मादी अंडी घालायला साधारण त्याच पट्ट्यात परतते. तुमच्या वाचकाने उचलून लाटेत टाकले की हा टप्पाच बुडाला. आणि सोबतचा फोटो चक्क फ्लॅश मारून काढलेला! अंधारात पिल्लू उजळ क्षितिजाकडे जाते, आणि ते बहुधा समुद्राचे असते. मागून बॅटरी किंवा मोबाइल चमकला की ते उलटे फिरते. मग पुळणीवरच भरकटते, दमते, सुकते. उरलेले काम खेकडे आणि कुत्री करतात.

‘अंडी स्वच्छ धुऊन नव्या खड्ड्यात ठेवतात’ हे वाक्य तर कहर आहे. हे काय बाजारातून आणलेले वांगे आहे? अंडी धूत नाहीत आणि उलटीपालटी करत नाहीत. घातल्यानंतर काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. त्यानंतर अंडे फिरवले तर तो मरतो. म्हणून पहाटे मादीचा माग काढून, शक्य तितक्या लवकर, वरची बाजू वरच ठेवून अंडी नव्या खड्ड्यात नेतात. खड्डा सुमारे दीड फूट खोल, तोंड अरुंद, तळ रुंद, म्हणजे मादी खणते तसाच. उथळ झाला तर वाळू तापते. साधारण २९-३० अंशांच्या वर पिल्लांत माद्या जास्त, खाली नर जास्त. फारच तापली तर काहीच नाही. पाणी साचले तर शंभरएक अंडी गुदमरून कुजतात. ४५ ते ६० दिवस हे सांभाळायचे असते. लेखात याला एक ओळ, आणि मुक्कामाच्या थाळीला दोन परिच्छेद!

त्याच अंकातल्या वास्तुसदरात ‘उत्तरेला पाण्याच्या भांड्यात जिवंत कासव ठेवावे’ असे छापले आहे, वर चित्र स्टार कासवाचे. ते माळरानावरचे कासव आहे, पोहणारे नाही. खोल पाण्यात बुडून मरते. शिवाय घरात पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे लोक असले सल्ले मनावर घेतात.

दोन्हींची दुरुस्ती पुढच्या रविवारी, त्याच पानावर, त्याच आकारात छापावी. कोपऱ्यातल्या चार ओळी चालणार नाहीत.

– एक वाचक, सोलापूर