ही शिट्टी कुणाच्या हातची?

गॉलवे, आयर्लंड
जुलै

ती. आप्पांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादाच्या मोबाइलवर पाठवलेले फोटो बघून तुम्ही विचारात पडला असाल. ती पितळी नळी म्हणजे टिन व्हिसल, इथल्या पारंपरिक संगीतातली शिट्टी. जात पाव्याचीच. टोकातून फुंकायची, वर सहा भोकं, मागे अंगठ्याला काही नाही. सगळी भोकं झाकली की पेटीवरची पांढरी दोन बोलते. माझ्या घरमालकीण आजींचे यजमान ती वाजवायचे. ते गेल्यावर कपाट आवरताना आजींनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुझे वडील लेथवर काम करायचे ना? मग ही कुणी केली ते शोध." त्यांना विकायची नाही. करणारा माणूस किंवा त्याची मुलं सापडली तर त्यांना कळवायचं आहे, की ही शेवटपर्यंत घरात वाजत होती. नळीवर मात्र नाव नाही, शिक्का नाही, साधी आद्याक्षरंही नाहीत.

आपल्या कोल्हापुरात उद्यमनगरात बिननावाचा पार्ट आला की तुम्ही आधी तो उजेडात फिरवायचा आणि मगच मापाला व्हर्नियर मागायचा. मीही तसंच केलं.

पहिल्यांदा तोंडातला ठोकळा तपासला, कारण पूर्वीच्या काही शिट्ट्यांत तिथे शिसं असायचं आणि आजींची नात ती फुंकायला टपलेली. वरचा काळा थर जरा खरवडला तर खाली लाकूड निघालं, जीव भांड्यात पडला. नळी ओढीव आहे, सांधा कुठेच नाही. म्हणजे क्लार्कची नव्हे. रॉबर्ट क्लार्क या इंग्रज माणसाने १८४३ साली पत्र्याच्या शिट्ट्या करायला सुरुवात केली. त्याही लाकडी ठोकळ्याच्याच, पण पत्रा गुंडाळलेला, खाली निमुळता, आणि पाठीवर सांधा स्पष्ट दिसतो. जनरेशन कंपनीच्या शिट्ट्या पितळी मिळतात, पण त्यांचं तोंड प्लास्टिकचं, साच्यातून निघालेलं. इथे तोंडही पितळेचंच आहे, नळीवर बसवून डाख दिलेला. डाख इतका बारीक की भिंग लावल्याशिवाय दिसत नाही. ओव्हरटन या कारागिराच्या शिट्ट्या ॲल्युमिनियमच्या, त्यामुळे तोही प्रश्न मिटला.

ओव्हरटनचा किस्सा आईला नक्की सांगा. फिनबार फ्युरी नावाच्या इथल्या वादकाकडे भारतातली एक बांबूची बासरी होती, त्याची फार आवडती. ती मोडली. इंग्लंडच्या बर्नार्ड ओव्हरटनने तिच्या जागी धातूची लांब नळी करून दिली, साधारण १९७१ साली. त्यातून खालच्या सुरातली 'लो व्हिसल' आली, आणि आज ती इथल्या मैफलींत सगळीकडे ऐकू येते. आपल्याकडच्या बांबूची वेल इतक्या लांब गेली, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

आता खरी गोष्ट. सहावं भोक बाकीच्यांच्या रेषेत नाही, सुमारे दोन मिलिमीटर डावीकडे सरकलंय. आधी वाटलं ड्रिल घसरलं असेल. पण ड्रिल घसरलं की कडेला ओरखडा राहतो, इथे भोक स्वच्छ आहे, कड गोल केलेली, आणि आतूनही कानस फिरवून सूर जुळवलाय. एवढी निगा घेणारा माणूस भोक चुकीच्या जागी पाडून सोडून देणार नाही. सहसा डावा हात वर, उजवा खाली असतो. इथे उलटं धरलं की डाव्या हाताची अनामिका नेमकी त्या भोकावर येते. मी आजींना विचारलं, तर त्या काही न बोलता भिंतीवरच्या फोटोपाशी गेल्या. फोटोत यजमान वाजवताहेत आणि खाली डावा हात आहे.

म्हणजे ही मापाने करून घेतलेली आहे. आजींना इतकंच आठवतं, की ते दर जुलैला शेजारच्या क्लेअरमध्ये मिलटाउन मालबेला जायचे. इलियन पाइप्स, म्हणजे इथला भात्यावरचा बॅगपाइप, वाजवणाऱ्या विली क्लॅन्सीच्या नावाने तिथे १९७३ पासून आठवडाभर शिकवण्या आणि बैठका चालतात, वाद्यं करणारेही जमतात. तिथेच कुणीतरी त्यांचा हात बघितला असणार.

इथल्या एका वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांना दाखवली. गुजरीतले सराफ काका साज हातात घेऊन कारागीर सांगतात, तसं त्यांनी सगळ्यात आधी वरची आणि खालची कडी बघितली. प्रत्येक कडीवर एक गोल मणी आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक खाच, त्यातली एक जास्त खोल. त्यांचं म्हणणं, असल्या कड्या इलियन पाइप्स करणारे घालतात, त्यांच्या कामाचा तो भागच आहे. शिट्टीला कडीची गरज नसते. म्हणून हा माणूस मुळात पाइप्स करणारा असावा, असा त्यांचा कयास. मला तो पटतो. त्यांच्याकडे क्लेअरमधला एक जुना पाइप्सचा संच दुरुस्तीला यायचा आहे, त्याच्या कड्यांचे फोटो ते मला देणार आहेत.

आप्पा, इथे तुमची गरज आहे. तिसरा आणि चौथा फोटो मोठा करून बघा. कडीच्या आतल्या, पॉलिश न केलेल्या काठावर टूलच्या रेषा आहेत. सुरुवातीला विरळ, पुढे दाट. हा हातफीड ना, टूल हाताने पुढे सारलेलं? प्रत्येक रेषेशेजारी एक पुसट रेघ आहे, टूलचं टोक किंचित तुटलेलं असावं. टूल पुन्हा घासलं की ती खूण जाणार, त्यामुळे तिच्यावर माझी भिस्त नाही. मला मण्याचं सांगा. वरच्या कडीवरचा मणी २.१ मिलिमीटर भरतो, खालचा २.४. मण्याच्याच आकाराच्या फॉर्म टूलने कापले असते तर दोन्ही सारखे आले असते. मग हे हाताने, टेकूवर टूल धरून काढलेत का? आणि खोल खाच दोन्ही कड्यांवर एकाच बाजूला आहे, ती हाताची सवय म्हणायची की कडी लेथच्या चकमध्ये उलटी धरल्यामुळे झालं? हे कळलं तर संचाच्या कड्यांत नेमकं काय शोधायचं ते ठरवता येईल.

लिहीत बसू नका, दादाला सांगून बोलून पाठवा. चष्मा लावूनच बघा.

पावसाच्या बातम्या वाचते. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर, म्हणजे इशाऱ्यावर, गेली की दादाला लगेच मेसेज करायला सांगा, धोक्याच्या ४३ ची वाट बघू नका, आणि खालच्या खोलीतली तुमची हत्यारं आधीच माळ्यावर चढवा. आईला नमस्कार. तिने दिलेला कांदा-लसूण मसाला संपत आलाय, येणारं कुणी असेल तर पाठवा.

तुमची,
धाकटी