हिमलीच्या ‘क्रुकेड हाउस’ची जुनी छायाचित्रे हवी आहेत : मराठी कुटुंबांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधील हिमलीजवळचा ‘क्रुकेड हाउस’ (म्हणजे ‘वाकडे घर’) हा पब आपल्या मंडळातील अनेक कुटुंबांच्या परिचयाचा होता. भारतातून आई-वडील आले, की डडलीचा किल्ला दाखवून झाल्यावर त्यांना तिकडे नेण्याचा काही घरांचा परिपाठच होता. ५ ऑगस्ट २०२३ च्या रात्री या पबला आग लागली आणि ७ ऑगस्टला उरलेल्या भिंतीही पाडण्यात आल्या. त्यानंतर साउथ स्टॅफर्डशायर कौन्सिलने २७ फेब्रुवारी २०२४ रोजी नोटीस काढून, ही इमारत आगीपूर्वी होती तशीच तीन वर्षांच्या आत पुन्हा उभी करावी, असा आदेश दिला. त्याविरुद्ध अपीलही दाखल झाले. ‘होती तशीच’ या दोन शब्दांसाठीच आम्ही आपल्याकडे मदत मागत आहोत.

१७६५ मध्ये शेतघर म्हणून बांधलेली ही वास्तू १८३० च्या दशकात पब झाली. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेकडील ‘ब्लॅक कंट्री’चा हा सारा मुलूख दगडी कोळशाचा. खाणकामामुळे खालची जमीन खचली आणि घराची एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे चार फूट खाली गेली. १९४० च्या दशकात ते धोकादायक ठरवून पाडायचे घाटत होते, परंतु एका मद्यनिर्मिती कंपनीने ते विकत घेतले आणि भिंतींना भक्कम आधार देऊन, त्याचा कल तसाच ठेवून वाचवले. आत गेल्यावर भिंतीवरचे सरळ टांगलेले घड्याळ तिरके दिसे, आणि टेबलावर ठेवलेली गोटी चढाच्या दिशेने घरंगळत जात असल्याचा भास होई. ती गोटी पुन्हा पुन्हा सोडून पाहणारी आपली मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत.

पब म्हणजे गुत्ता, अशी समजूत आपल्यातील काही ज्येष्ठांची अजूनही असेल. इंग्लंडच्या गावात मात्र पब हा पारासारखा असतो : खाणीतला मजूर, शेतकरी आणि वाटसरू तेथे एका छताखाली बसत आले. म्हणूनच हा पब पडल्यावर लोक घरातले माणूस गेल्यासारखे हळहळले.

या वास्तूचे नाव संरक्षित वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत नव्हते, त्यामुळे तिच्या प्रत्येक कोपऱ्याच्या नोंदीला मोल आहे. लंडनमधील कार्लटन टॅव्हर्न हा पब २०१५ मध्ये परवानगीविना पाडला गेला, पण पाडण्यापूर्वीच त्याची तपशीलवार नोंद झाली होती. त्या आधारे तो पुन्हा बांधला गेला आणि २०२१ मध्ये उघडला. क्रुकेड हाउसच्या बाबतीत अशा नोंदीची उणीव सामान्य माणसांच्या अल्बमांतून बऱ्याच अंशी भरून निघू शकेल, असा आमचा विश्वास आहे.

म्हणून विनंती अशी, की आपल्याकडील छायाचित्रे, निगेटिव्ह आणि व्हिडिओ कॅसेट कृपया शोधाव्यात. चित्रातील माणसांपेक्षा त्यांच्या मागे काय आहे, ते आम्हाला अधिक हवे आहे : दाराची चौकट, खिडकीची तिरकी कड, बाहेरचे आधाराचे खांब, फरशी. चित्र अंधूक असले किंवा एखादा काका अर्धी खिडकी अडवून उभा असला, तरीही ते द्यावे. मागे अंदाजे वर्ष आणि कोणत्या बाजूने काढले, एवढे पेन्सिलीने लिहावे. मूळ प्रती स्कॅन करून जशाच्या तशा परत केल्या जातील, आणि स्कॅन केलेला संग्रह पुनर्बांधणीच्या कामासाठी कौन्सिलकडे सुपूर्द करण्याचा आमचा मानस आहे.

स्कॅनिंगच्या आणि जुन्या कॅसेट डिजिटल करण्याच्या खर्चासाठी यथाशक्ती देणगीही स्वीकारली जाईल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि हिशेब वार्षिक सभेपुढे ठेवला जाईल. ज्या ज्येष्ठांना घराबाहेर पडणे जमत नाही, त्यांच्याकडे जाऊन आठवणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी आम्हाला मोटार चालवणारे चार-पाच तरुण स्वयंसेवकही हवे आहेत. छायाचित्रे मंडळाच्या मासिक बैठकीत समिती सदस्यांकडे द्यावीत.

आपली नम्र,
वारसा समिती