स्टोमाची पिशवी बदलायला रुग्णालाच शिकवा

संपादक महोदय,

मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या अनेक रुग्णांना पोटावर स्टोमा घेऊन घरी यावे लागते. आतड्याचे टोक पोटाच्या त्वचेवर आणून शिवलेले असते आणि त्या वाटेने येणारा मल पोटाला चिकटवलेल्या पिशवीत जमा होतो. काहींचा स्टोमा काही महिन्यांनी बंद करता येतो. गुदद्वारासह गुदाशय काढावा लागला असेल, तर तो कायमचा राहतो. माझा कायमचा आहे. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांविषयी वर्तमानपत्रांतून बरेच छापून येते, परंतु त्यानंतर ही पिशवी रोजच्या रोज कोणी सांभाळायची, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. पिशवी रिकामी करणे, बदलणे आणि भोवतालची त्वचा राखणे ही कामे रुग्णाने परिचारिकेसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवल्याखेरीज त्याला घरी सोडू नये, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. ज्यांचे हात थरथरतात किंवा ज्यांना नीट दिसत नाही, त्यांचा अपवाद अर्थातच करावा लागेल.

माझ्यावर उपचार झाले त्या रुग्णालयात शस्त्रक्रिया उत्तम झाली, परंतु पिशवी बदलण्याची माहिती मिळाली ती डिस्चार्जचे कागद तयार होत असताना, तीही माझ्या सुनेला, वॉर्डाबाहेर उभ्या उभ्या. मी आत खाटेवर होते. हे काम घरची बाईच करणार, असे सगळे गृहीत धरून चालतात. रुग्ण पुरुष असेल तर बायको, बाई असेल तर मुलगी किंवा सून. ती मायेने करते, याबद्दल शंका नाही. पण ती सकाळची लोकल गाठून कामावर गेली आणि दुपारी पिशवी कडेने गळू लागली, की घरात बसलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत तिची वाट पाहत राहावे लागते. पुढे तो जेवण कमी करतो, लग्नकार्याला जायचे टाळतो आणि ठाण्याहून वाशीला लेकीकडे जाणेही त्याला नकोसे होते. माझ्या ओळखीतल्या दोन-तीन घरांत मी हे पाहिले आहे आणि मला त्याचे फार वाईट वाटते, कारण मुळात हे काम अवघड नाही.

स्टोमा ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओलसर असतो. त्याला स्पर्शाची वेदना नसते आणि पुसताना रक्ताचा एखादा थेंब आला तरी घाबरण्याचे कारण नसते. पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करावी. जास्त भरू दिली तर तिच्या वजनाने चकती सुटू लागते. त्वचेला चिकटणारी ही चकती, जिला रुग्णालयात फ्लँज म्हणतात, साधारण तीन ते पाच दिवसांनी बदलावी लागते, पण तिच्याखाली खाज किंवा आग सुरू झाली तर तेवढेही थांबू नये. बदलण्यासाठी सकाळची, काही खाण्यापूर्वीची वेळ बरी, कारण तेव्हा आतडे शांत असते. भोवतालची त्वचा कोमट पाण्याने आणि मऊ सुती कापडाने पुसून पूर्ण कोरडी करावी. स्पिरिट, डेटॉल, खोबरेल तेल, पावडर यांपैकी काहीही मनाने लावू नये. आपल्याकडे जखम म्हटली की हात डेटॉलच्या बाटलीकडे जातो. स्टोमा ही जखम नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

बहुतेकांचे अडते ते चकतीचे भोक कापताना. ते स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे हवे. शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत तो बराच लहान होतो. पहिल्या दिवशी रुग्णालयात दिलेल्या मापानेच घरी महिनोन्महिने भोक कापले जाते, मग मधली उघडी त्वचा मलाने भिजून सोलवटते आणि सोललेल्या ओल्या त्वचेवर पुढची चकती चिकटत नाही. ‘पिशवीची कंपनी बदला’ असा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. खरे तर माप बदलायचे असते. मापाचा कागद स्टोमाभोवती धरून चकतीच्या मागे पेनाने गोल काढावा, बाकदार कात्रीने कापावे, कडेवरून बोट फिरवून ती गुळगुळीत करावी, चकती तळहातांमध्ये धरून किंचित ऊबदार करावी आणि आरशासमोर उभे राहून, पोटाची त्वचा ताणून, आतून बाहेर दाबत बसवावी. नंतर मिनिटभर हात तसाच ठेवावा. पावसाळ्यात आणि आपल्याकडच्या घामाच्या दिवसांत तर त्वचा कोरडी असल्याची खात्री करूनच ती लावावी.

ज्यांचा स्टोमा लहान आतड्याचा आहे, म्हणजे इलिओस्टोमी, त्यांना आणखी सावध राहावे लागते. त्यांचा मल पातळ असतो आणि त्यातल्या पाचक रसांनी त्वचा फार लवकर सोलते. दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी जाऊ लागले, लघवी कमी झाली, पायांत गोळे आले, तर नुसते पाणी पीत राहिल्याने शरीरातले मीठ आणखी वाहून जाते. अशा वेळी ओआरएस घ्यावे आणि डॉक्टरांना गाठावे. स्टोमातून काहीच येईनासे होऊन पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर घरी जुलाबाचे औषध देऊ नये, थेट रुग्णालयात न्यावे. स्टोमा काळा किंवा निळसर दिसला तरीही तसेच.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधीच व्हायला हवी. स्टोमा पोटावर नेमका कुठे येणार, याची खूण रुग्णाला उभे करून, बसवून आणि वाकायला लावून करायची असते. परकराची नाडी कुठे बांधली जाते, निऱ्या कुठे खोचल्या जातात, जमिनीवर मांडी घालून बसल्यावर पोटाची वळी कुठे पडते, हे त्या वेळी पाहिले नाही, तर नाडी नेमकी स्टोमावर येते आणि मग आयुष्यभर साडी नेसता येत नाही. रुग्णाने स्वतः तसे सांगावे, संकोच करू नये. देवपूजा करावी की नाही, स्वयंपाकघरात जावे की नाही, असेही बायका हळूच विचारतात. मी दोन्ही करते.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे, परंतु मुरबाड-शहापूरच्या रुग्णाला चकतीचे माप तपासून घेण्यासाठी परळ गाठणे कठीण आहे. म्हणून कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि वाशीच्या महापालिका रुग्णालयात आठवड्यातून एका ठरावीक दिवशी प्रशिक्षित परिचारिकेने केवळ स्टोमाच्या रुग्णांसाठी बसावे, अशी दोन्ही महापालिकांना माझी विनंती आहे. तिच्या जोडीला आमच्यासारखे जुने रुग्ण बसू शकतात. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये 1958 साली डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी या कामासाठी नॉर्मा गिल यांना नेमले, तेव्हा त्या परिचारिका नव्हत्या, इलिओस्टोमी झालेल्या रुग्ण होत्या. स्टोमा परिचर्येचा व्यवसाय तिथून उभा राहिला. ज्याच्या पोटावर पिशवी आहे त्याने शिकवले की नव्या रुग्णाची भीती निम्मी होते, असा माझाही अनुभव आहे.

शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी योजनेतून भागलेल्या कुटुंबांनाही दर महिन्याच्या पिशव्या स्वतः विकत घेताना मी पाहते. ब्रिटनमध्ये कायमचा स्टोमा असलेल्यांना हे साहित्य मोफत मिळते. निदान गरीब रुग्णांना तरी ते पालिकेच्या औषधालयातून मिळावे.

असे क्लिनिक सुरू होईल तेव्हा त्याचा वार, वेळ आणि खोली क्रमांक आपण आपल्या वृत्तपत्रातील ठाणे-नवी मुंबईच्या पानावर ठळकपणे छापावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)