सुवर्णपदक आणि मोडका अंगठा

संपादक महोदय,

अमेरिकी मुष्टियोद्धा जो फ्रेझिअर म्हटले की लोकांना त्याचा प्रतिस्पर्धी मुहम्मद अली आठवतो. मला आठवतो फ्रेझिअरचा डावा अंगठा. १९६४ च्या ऑलिंपिक निवड चाचणीत तो बस्टर मॅथिसकडून हरला होता. मॅथिसचा हात दुखावला, म्हणून त्याच्या जागी फ्रेझिअर टोकिओला गेला. उपांत्य लढतीत अंगठा मोडला. पंचांना कळले तर बाहेर काढतील, म्हणून ब्रही काढला नाही आणि तशाच हाताने अंतिम लढतीत जर्मनीच्या हान्स ह्यूबरला पंचांच्या ३-२ अशा कौलाने हरवले.

पुढचे मात्र फारसे कोणी सांगत नाही. फिलाडेल्फियात तो खाटीकखान्यात कामाला होता. जायबंदी हाताने मांसाचे धूड उचलायचे कसे? पदक भिंतीवर, मिळकत बंद, घरात बायको-मुले. व्यावसायिक मुष्टियोद्धा व्हायला पैसे लावणारा हवा. हेवीवेट या सर्वांत वरच्या वजनगटाच्या मानाने बुटक्या, हात मोडलेल्या माणसावर कोण लावणार? ऑगस्ट १९६५ मध्ये कशीबशी पहिली व्यावसायिक लढत झाली. मग शहरातल्या काही मंडळींनी भाग (शेअर) विकत घेऊन ‘क्लोव्हरले’ नावाची कंपनी काढली, तेव्हा कुठे त्याला आठवड्याचा पगार मिळू लागला.

आणि हो, १९६८ मध्ये त्याने मॅथिसला ११ व्या फेरीत आडवे केले.

– एक मुष्टियुद्धप्रेमी, सांगली