चिठ्ठीशिवाय मिळणारी मलमे थांबवा

माझ्या आईचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे. पावसाळ्यात तिच्या कमरेवर गजकर्णाचा, म्हणजे बुरशीच्या संसर्गाचा, चट्टा उठला. इथल्या एका औषध दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी न मागता अनेक औषधांचे मिश्र मलम दिले. दोन दिवसांत खाज थांबली, आम्हाला हायसे वाटले. महिनाभरात चट्टे पाठभर पसरले. मलमात क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड होते. ते खाज आणि लाली दाबते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. प्रत्यारोपण झालेल्यांची, किमोथेरपी घेणाऱ्यांची प्रतिकारशक्ती मुळातच क्षीण. त्यांच्या अंगावरची साधी वाटणारी गाठ कधी रक्तातून पसरलेल्या बुरशीची खूण असू शकते. गोळ्याही मनाने घेता येत नाहीत : बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलमुळे टॅक्रोलिमसची (शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून घ्यायचे औषध) रक्तातली पातळी धोकादायक वाढू शकते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

खारघरच्या टाटा कर्करोग केंद्रात उपचार घेणारे कितीतरी रुग्ण आसपास भाड्याच्या खोल्यांत राहतात. दमट हवा, न वाळणारे कपडे, आणि कोपऱ्यावर हे मलम. अन्न व औषध प्रशासनाने नवी मुंबईतील दुकानांची तपासणी या पावसाळ्यातच करावी.

— एक वाचक, ऐरोली