कोअर वाढवूनही संगणक अडतो कुठे?

महोदय,

संगणक संथ झाला की 'जास्त कोअरचा प्रोसेसर घ्या' हा सल्ला दुकानदारापासून कार्यालयातल्या खरेदी समितीपर्यंत सगळेच देतात. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. ऑपरेटिंग सिस्टीमवर रोज काम करणारा म्हणून त्यातली एक उणीव मांडावीशी वाटते.

प्रोसेसर मेमरीतून एकेक बाइट उचलत नाही. सलग बाइटांचा ठरावीक तुकडा, म्हणजे कॅश लाइन, एकदम आणतो आणि त्याची प्रत कोअरजवळच्या वेगवान साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये, ठेवतो. इंटेल आणि एएमडीच्या आजच्या प्रोसेसरांत ती 64 बाइटांची असते, अ‍ॅपलच्या एम-1 मध्ये 128 बाइटांची. एका कोअरने त्या तुकड्यात काही लिहिले, की इतर कोअरांकडची त्याची प्रत बाद होते. त्यामुळे एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले दोन आकडे शेजारीशेजारी पडले आणि दोन कोअर ते सतत बदलत राहिले, तर खतावणीच्या एकाच पानावर दोन कारकुनांना नोंदी करायला बसवावे तसे होते: पान इकडून तिकडे फिरत राहते आणि दोघेही खोळंबतात.

माझ्याच एका प्रोग्राममध्ये चार थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे चार धागे, आपापला आकडा वाढवत होते, तरी काम एकट्या थ्रेडपेक्षा उशिरा संपे. दोन दिवस मी भलतीकडेच दोष शोधला. प्रत्येक आकडा 8 बाइटांचा, चार मिळून 32, म्हणजे सगळे एकाच लाइनमध्ये. पहिला आकडा मेमरीतल्या 64 च्या पटीतल्या पत्त्यावर ठेवून प्रत्येकापुढे 56 बाइट मोकळे सोडले, आणि हिशेबाची एकही ओळ न बदलता प्रोग्राम झपाट्याने संपू लागला.

मोकळी जागा फुकट मिळत नाही, हेही खरे. 64 बिटांच्या आर्म प्रोसेसरांसाठीच्या लिनक्समध्ये, सर्व यंत्रांवर सुरक्षित चालावे म्हणून, कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) 8 बाइटांच्या मागणीलाही 128 बाइट दिले जात; 2023 मधल्या 6.5 आवृत्तीपासून ही उधळपट्टी थांबवण्याची सोय झाली. पुढे 2024 च्या 6.8 आवृत्तीत नेटवर्किंगची माहिती ठेवणाऱ्या मुख्य रचनांमधले (स्ट्रक्चरमधले) घटक कॅश लाइनच्या हिशेबाने नव्याने लावले, तेव्हा असंख्य जोडण्या एकाच वेळी चालू असताना टीसीपीची, म्हणजे इंटरनेटवर माहिती पोचवण्याच्या नियमावलीची, कामगिरी 40 टक्क्यांपर्यंत सुधारल्याचे कर्नलकारांनी नोंदवले. ही मांडणी पुढे कोणाच्या हातून नकळत विस्कटू नये, म्हणून कर्नल कंपाइल करतानाच इशारा मिळण्याची व्यवस्थाही त्यांनी केली; मला ती सुधारणेइतकीच मोलाची वाटते.

आमच्याकडे मुलाखतीला येणारी अभियांत्रिकीची मुले शेड्युलिंगची, म्हणजे कोणत्या कामाला प्रोसेसर केव्हा द्यायचा याची, गणिते कागदावर अचूक सोडवतात, पण त्यांतल्या बहुतेकांनी कॅश लाइन हा शब्दही ऐकलेला नसतो. लिनक्सवरची 'पर्फ सी-टू-सी' आणि 'पाहोल' ही साधने मोफत मिळतात: पहिले कोअरांमधली ओढाताण दाखवते, दुसरे रचनेतला कोणता घटक कोणत्या लाइनमध्ये पडला ते सांगते. ऑपरेटिंग सिस्टीम शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी सत्रातले एक प्रात्यक्षिक यासाठी राखून ठेवावे, ही कळकळीची विनंती.

एक सिस्टीम प्रोग्रामर, पुणे