चार्ज देताना पॅनेलचाही द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाचनालय, पतसंस्था, हायस्कूल कोणतेही असो, ‘संस्थेची वेबसाइट करणे’ हा विषय कार्यकारिणीत आला की चहा येईपर्यंत मंजूर होतो. तीन कोटेशने मागवायची, सर्वांत कमी दराचे घ्यायचे, विषय संपला. नंतर ती वेबसाइट कोणाच्या ताब्यात राहते, हे कोणी विचारत नाही. मी मिरजेतल्या एका सार्वजनिक वाचनालयाची चिटणीस आहे. त्याआधी साखर कारखान्याच्या संगणक विभागात नोकरी झाल्यामुळे सर्व्हरचे, म्हणजे ज्या संगणकावर वेबसाइट राहते त्याचे, काम मला परके नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आमची जुनी वेबसाइट ज्यांनी केली, त्यांनी डोमेन, म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेतले होते. पुढे ते फोन उचलेनासे झाले. नूतनीकरणाची तारीख उलटली आणि वाचनालयाच्या पत्त्यावर रमीची जाहिरात झळकू लागली. ज्येष्ठ सभासद काउंटरवर येऊन विचारत, ‘हे काय नवीन सुरू केलंत?’ तक्रार करायची तर संस्थेच्या नावाचा एक कागद हातात नाही.

नवीन सर्व्हर घेतला तेव्हा पॅनेल बसवताना मी शेजारी खुर्ची टाकून बसले. पॅनेल म्हणजे ज्या पानावरून वेबसाइट, डेटाबेस, मेल, वेबसाइटचे सुरक्षा-प्रमाणपत्र, बॅकअप सगळे चालवता येते ते. एकाच वेबसाइटसाठी सीपॅनेल या विकतच्या पॅनेलचे लायसन घेण्याची आम्हाला गरज नव्हती. आम्ही फुकट मिळणारे हेस्टिया हे पॅनेल घेतले. ते डेबियन किंवा उबंटू या सर्व्हर-प्रणालींवरच चालते आणि सर्व्हर कोरा लागतो. आधीच अपाचे (वेबसाइट दाखवणारा प्रोग्राम) वगैरे टाकलेले असेल तर इन्स्टॉलर अडून बसतो. (सेंटओएस ७ या तशाच दुसऱ्या प्रणालीचा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला, तरी कोटेशनात अजून तेच नाव दिसते. जुना मजकूर चिकटवत राहतात, दुसरे काय.)

इन्स्टॉलर आधी ई-मेल विचारतो आणि सर्व्हरचे नाव. आमच्याकडे पॅनेल बसवायला आलेल्या मुलाने सवयीने स्वतःचा जीमेल टाकायला घेतला. मी थांबवले. पॅनेलच्या सूचना त्या पत्त्यावर जातात. मुलगा नोकरी बदलून पुण्याला गेला की त्याही पुण्याला. मग काळ्या पडद्यावर ओळी धावतात, आणि शेवटी पॅनेलचा पत्ता, युजरनेम व पासवर्ड उमटतो. त्याने झटकन मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला. बहुतेक संस्थांची नोंद तेवढीच असते, एका परक्या मोबाइलमधला फोटो!

सगळेच बसवू नये, हेही सांगते. पॅनेल आपणहून मेल सर्व्हर, अँटिव्हायरस वगैरे टाकू पाहते. क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस एकटाच एक जीबीच्या आसपास रॅम खातो. दोन जीबीच्या सर्व्हरवर त्याला जेवायला बसवले तर डेटाबेस उपाशी राहून वेबसाइट बंद पडणारच. मेलचेही तसेच. बऱ्याच क्लाउड कंपन्या मेल पाठवण्याचे पंचवीस नंबरचे पोर्ट, म्हणजे सर्व्हरचे दार, बंदच ठेवतात, आणि ते उघडून मिळाले तरी एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरोखर आपलीच आहे हे पटवणाऱ्या नोंदी) नीट नसतील तर वर्गणीची आठवण सभासदाच्या स्पॅममध्ये जाऊन पडते. वाचनालयाने मेल वेगळ्या सेवेवर ठेवावी.

पॅनेलचे दार मात्र जगाला उघडे ठेवू नये. हेस्टियाचे पोर्ट ८०८३ हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनेल नावाच्या दुसऱ्या एका पॅनेलमधल्या त्रुटीतून हल्लेखोर लॉगिन न करताच हजारो सर्व्हरमध्ये शिरले आणि फायलींना कुलूप ठोकून खंडणी मागत बसले. तिथे पासवर्ड कितीही अवघड असता तरी उपयोग नव्हता. म्हणून पॅनेलचे पोर्ट फायरवॉलमध्ये (सर्व्हरच्या राखणदार प्रोग्राममध्ये) ठरावीक इंटरनेट पत्त्यांनाच उघडे ठेवावे आणि अपडेट वेळच्या वेळी करावेत. करारात ‘एक वर्ष देखभाल’ लिहिलेले असते, पण त्यात अपडेट येतात का, हे ठेकेदाराला स्पष्ट विचारावे.

बॅकअपबद्दल विचारले की उत्तर येते, ‘चालू आहे, मॅडम.’ कुठे? त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कवर. २०१९ च्या महापुरात ज्यांचे दप्तर आणि त्याच्या झेरॉक्स एकाच तळमजल्यावर होत्या, त्यांचे काय झाले ते सांगलीकरांना मी सांगायला नको.

बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितले, निदान तिथे कोणी विचारणारे आहे. आमच्याकडे तपासणीला दाखल रजिस्टर पाहतात, देव-घेव पाहतात. डोमेन कोणाच्या नावावर आहे, हे मला आजवर कोणी विचारलेले नाही. चिटणीस बदलतो तेव्हा शिक्के, किल्ल्या, चेकबुक, प्रोसिडिंग यांची यादी करून सह्या होतात. त्याच यादीत डोमेनचे खाते, सर्व्हरचे खाते आणि पॅनेल यांची नोंद हवी. पासवर्ड प्रोसिडिंगमध्ये लिहू नये. तो बंद पाकिटात तिजोरीत ठेवावा आणि चार्ज बदलला की त्याच दिवशी तोही बदलावा. हे सगळे आम्ही ठराव करून सुरू केले आहे, त्याला खर्च पाकिटाचा.

पतसंस्थांच्या वार्षिक सभा दरवर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. अहवालात ‘वेबसाइट खर्च’ ही ओळ दिसली तर सभासदांनी उभे राहून विचारावे, डोमेन संस्थेच्या नावावर आहे का आणि पॅनेलला ई-मेल कोणाचा दिला आहे. ‘ते सगळं आमचा माणूस बघतो’ असे उत्तर आले तर त्या माणसाला सभेला बोलवायला सांगावे.

आपली,
एक वाचनालय चिटणीस, मिरज (जि. सांगली)